कुत्रेवाले आबा

पहाटे ४.५०

गजर पाचचा असतो, पण काळी दहा मिनिटं आधीच खाटेखालून बाहेर येते आणि माझ्या हाताला नाक लावते. मे महिन्यात आम्ही अंगणात झोपतो. जळगावात या दिवसांत भिंती रात्रभर गरम राहतात आणि घरातला पंखा गरम वाराच इकडून तिकडे ढकलतो. काळीला तीन पाय आहेत. चौथा रेल्वेच्या रुळांवर गेला. पण उठण्यात ती कधी उशीर करत नाही.

हातात बॅटरी घेऊन तिच्या मागोमाग मागच्या शेडकडे जायचं. शेड म्हणजे वर पत्रे, पत्र्यांवर पऱ्हाट्यांचा जाड थर, बाजूंना गोणपाट. गोणपाट दिवसातून चारदा भिजवले तर दुपार निभते. पहिलं काम मोजणीचं. रात्री रजिस्टरला चौदा लिहिले होते. आता तेरा आहेत. कोपऱ्यातल्या खोलीत पार्वोची तीन पिल्लं होती, त्यातलं तांबडं गेलं.

पार्वो हा पिल्लांचा काळ. हा रोग जगाला कळला तोच मुळी १९७८ च्या सुमारास, आणि आज गल्लीबोळात आहे. पिल्लू आधी खाणं सोडतं, मग उलट्या, मग रक्ताचे जुलाब. दोन-तीन दिवसांत अंगातलं पाणी संपतं. औषध असं नाही, सलाईन लावून तग धरायला मदत करायची एवढंच. विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो, म्हणून त्या खोलीसाठी चपला वेगळ्या, बादली वेगळी, झाडू वेगळा. फरशी ब्लीचिंगच्या पाण्याने धुवायची आणि त्या खोलीत सगळ्यांत शेवटी शिरायचं. लस वेळेवर टोचली तर हे टळतं, आणि ती टोचायला येणारा खर्च एका हॉटेलच्या बिलाएवढा. हे वाक्य मी इतक्यांना ऐकवलंय की बायको आता ते माझ्याआधी पूर्ण करते.

मेलेलं पिल्लू गोणपाटात बांधून ठेवलं. उजाडल्यावर पुतण्या शेतात खोल पुरून येईल, वर चुना टाकून.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. निम्मी नोकरी धुळे जिल्ह्यात साक्री-शिंदखेड्याकडे गेली, निम्मी इकडे जळगाव जिल्ह्यात. आयुष्यभर गाई-म्हशी, बैल आणि शेळ्या. कुत्रं दवाखान्यात आलं की आम्हीच नाक मुरडायचो. निवृत्तीनंतर एकदा दारात जखमी काळी आली आणि तिथून हे लागलं. आता गल्लीतली पोरं मला कुत्रेवाले आबा म्हणतात. आधी वाईट वाटायचं.

सकाळी ६.००

पाण्याच्या कुंड्या. मेहरूण तलावाच्या बाजूला आणि वाटेत मिळून सिमेंटच्या अकरा कुंड्या ठेवल्यात. आखाजीला आपण खान्देशातले लोक पितरांसाठी घागर भरतो, तेव्हापासून मृग लागेपर्यंत या कुंड्या रोज भरायच्या. प्लास्टिकचं भांडं ठेवू नये. कुत्रं ते पालथं करतं आणि माणूस उचलून नेतो.

फिरायला येणाऱ्यांपैकी एक गृहस्थ हातात काठी घेऊन रोज मला गाठतात. "तुमची कुत्री काल माझ्या नातवाच्या मागे लागली." माझी कुत्री! मी त्यांना खायला घालत नाही, फक्त पाणी ठेवतो. पण त्यांच्याशी वाद घालत नाही, कारण ते चुकीचं बोलत नाहीत. नातवाच्या मागे कुत्रं लागलं तर मीही काठी घेईन.

या भांडणात दोन्हीकडचे लोक अर्धंच बोलतात. एक म्हणतो, सगळी उचलून नेऊन टाका. दुसरा पिशवीभर बिस्किटं आणून रस्त्यात ओततो आणि पुण्य घेऊन घरी जातो. बिस्किटं ओतणाऱ्याने त्यातल्या एका तरी कुत्रीची नसबंदी करून आणली का, हे विचारलं की त्याला राग येतो. कुत्री त्रेसष्ट दिवसांत विते आणि वर्षातून दोनदा माजावर येते. पुढचा हिशेब पाचवीतलं पोरगंही करील. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, कानाला खूण करायची आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं असं आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच धरलं. पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडू नका आणि खायला ठरवलेल्या जागीच घाला, असं वर सांगितलं. नोव्हेंबरमध्ये आणखी एक आदेश आला: शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं यांच्या आवारातली कुत्री उचला आणि तिथे परत सोडू नका. मग ठेवायची कुठे, हे प्रत्येक गावाला स्वतःच शोधायचंय.

कुत्र्यांवरून माणसांनी भांडणं हे काही आजचं नाही. १८३२ साली मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारायची मोहीम जोरात चालवली, तेव्हा पारशी लोक रस्त्यावर उतरले आणि दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांत, १८३४ ला, सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी मुंबईची पांजरापोळ काढली. आमच्या नेरी नाक्याजवळच्या पांजरापोळीवरून जाताना मला ते हमखास आठवतं. मुंबईच्या पांजरापोळीचं मूळ असं कुत्र्यांत आहे आणि आज तिथे मुख्यतः गाईगुरं असतात.

सकाळी ७.४०

घरी आलो तर फाटकाला लागून खोकं. न उघडताच कळतं, कारण ते केळीचं असतं. निर्यातीची केळी ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरतात, त्याला हवेसाठी भोकं ठेवलेली असतात. सोडणाऱ्याला वाटतं, चला, श्वासाची तरी सोय झाली. रावेर-यावलची केळी ज्यातून आखातात जातात, त्याच खोक्यातून आमच्याकडे पिल्लं येतात.

पाच होती. डोळे उघडलेले नाहीत, म्हणजे दहा-बारा दिवसांच्या आतली. गावठी. सोबत दुधाची पिशवी आणि ड्रॉपर. ठेवणाऱ्याने प्रेमाने ठेवलं होतं आणि त्याच प्रेमाने पिल्लांना आईपासून तोडलं होतं. एवढ्या पिल्लांना गाईचं दूध पचत नाही, हगवण लागते. आणि आई कुठेतरी दोन गल्ल्यांच्या आतच असते, थानं तटतटलेली, शोधत फिरणारी. म्हणून अशा वेळी पहिलं काम बाटली शोधण्याचं नाही, आई शोधण्याचं. दूधवाल्याला विचारलं, घंटागाडीवाल्याला विचारलं. त्या दोघांना गावातली सगळी बाळंतपणं माहीत असतात. आज त्यांनाही माहीत नव्हतं. म्हणजे खोकं दुसऱ्या भागातून आलं.

शेडमध्ये एक भुरी कुत्री आहे. तिची पिल्लं आठवड्यापूर्वी गेली आणि दूध अजून आटलेलं नाही. तिच्या अंथरुणाचं गोणपाट पाची पिल्लांना चोळलं, म्हणजे तिचाच वास लागावा, आणि खोकं तिच्यासमोर ठेवलं. ती गुरगुरली. उठून लांब जाऊन बसली. मी तिथून निघालो, कारण अशा ठिकाणी माणसाने बघत बसू नये. अर्ध्या तासाने बायकोने खिडकीतून खूण केली. दोन पीत होती. तिघांना ती अजून जवळ येऊ देत नव्हती, ती बाटलीवर. दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा. या कामात माझं नाव होतं आणि झोप बायकोची जाते.

सकाळी ९.१५

फोन. महामार्गावर खोटेनगरच्या पुढे कुत्र्याला गाडीने उडवलं. फोन करणारा म्हणाला, "आबा, लवकर या, मी थांबतो." थांबणारा माणूस मिळाला म्हणजे अर्धं काम झालं. बहुतेक जण फोटो पाठवतात आणि निघून जातात.

आमची ओम्नी जुनी आहे, मागची सीट काढून टाकलेली. पुतण्या चालवतो. आत फळी, चादरी, गॉजची पट्टी, जाड हातमोजे. हातमोज्यांच्याही आधी एक गोष्ट: आम्ही दोघांनी रेबीजची लस आगाऊ घेतली आहे. ती न घेता या कामाला हात घालू नये, मग कितीही दया येवो. आणि चावलं, ओरखडलं तर आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, मग दवाखाना. हळद, चुना, तिखट नाही. मी नोकरीत असताना खेड्यांत जखमेत तिखट भरलेली माणसं पाहिलीत.

दुखणारं कुत्रं चावतं. ओळखीचंही चावतं. म्हणून आधी डोक्यावर चादर, मग पट्टीने तोंड बांधायचं, मग फळी अंगाखाली सरकवायची. पाय धरून उचललं की मोडलेलं हाड आतल्या आत आणखी फाडतं. हे कुत्रं नर, दोनेक वर्षांचं, गळ्यात तुटका पट्टा. म्हणजे कुणाचं तरी होतं. मागच्या पायाचं बोट जोरात चिमटलं तर त्याने मान वळवून बघितलं. ते पाहून मी पुतण्याला म्हटलं, "चल, आशा आहे." कण्याला जबर मार बसला असता तर त्याला कळलंच नसतं.

दवाखान्यात केसपेपर, एक्स-रे. मांडीचं हाड मोडलंय, कणा शाबूत. डॉक्टरांनी आधार बांधला, ऑपरेशन परवा. खांद्यावरच्या जुन्या जखमेत किडे पडले होते, ते मी बाहेर झाडाखाली बसून काढले. टर्पेंटाइनचा बोळा लावला की किडे वर येतात, मग चिमट्याने एकेक. पन्नासनंतर मी मोजणं सोडलं. बाकड्यावर बसलेली एक बाई आपल्या पांढऱ्या पामेरियनला पोटाशी धरून माझ्याकडे पाहत होती. तिला मळमळत असावं, पण ती उठून गेली नाही. शेवटी म्हणाली, "मी पाणी आणून देऊ का?"

सकाळी ११.३० ते दुपारी ३.३०

या वेळात बाहेर पडायचं नाही. पारा चव्वेचाळीसच्या वर असतो आणि रस्त्यावर जनावर दिसलंच तर ते सावलीला पडलेलं असतं. ब्रूनोला ओल्या गोणपाटावर पंख्यापुढे झोपवलंय. आज संध्याकाळी तो धुळ्याला जाणार आहे.

ब्रूनो लॅब्राडोर. दोन महिन्यांपूर्वी पाळधीच्या पुढे एका धाब्याच्या खांबाला बांधलेला सापडला. शेजारी पिशवी. पिशवीत त्याची थाळी, अर्धं पाकीट खाणं आणि लसीकरणाचं कार्ड. कार्डाचं पहिलं पान, मालकाच्या नावाचं, फाडलेलं. उरलेल्या पानांवर सहा वर्षं प्रत्येक लस तारखेला टोचलेली. एकही चुकलेली नाही.

ते कार्ड मी कितीदा पाहिलं असेन. आधी मला राग यायचा. आता वाटतं, मारणारा माणूस वेगळा आणि सोडणारा वेगळा. सोडणारा बहुतेक वेळा चांगला असतो, हेच अवघड आहे. आमच्याकडे त्याची ठरलेली गोष्ट आहे: २०२० च्या टाळेबंदीत पोराने हट्टाने पिल्लू आणलं. मग पोराला हिंजवडीत नोकरी लागली. कुत्रं आई-वडिलांकडे राहिलं. वडिलांचे गुडघे गेले, आईला ते ओढून पाडतं, वरच्या मजल्यावरच्यांची तक्रार. नातेवाईक विचारून पाहिले. मग एका रात्री गाडीत घालून लांब. खान्देशातली तरुण पोरं पुण्याला जातात आणि त्यांची कुत्री माझ्याकडे येतात.

कायदा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात उपाशीतापाशी मरेल अशा जागी जनावर सोडून देणं हा गुन्हा आहे आणि पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. छापताना चूक झालेली नाही. पन्नास रुपयांत आज जळगावात शेवभाजीची एक प्लेट येत नाही. जनावर मारलं किंवा लुळं केलं तर भारतीय न्याय संहितेच्या ३२५ कलमात पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पण धाब्याला बांधून निघून जाणाऱ्याला ते कलम कसं लावणार?

हा फोनचा वेळ. लोक म्हणतात, आबा कुत्री वाचवतात. वाचवणं सोपं आहे हो. उचलायला चार हात आणि एक फळी लागते. अवघड आहे ते देणं. मुलीसाठी स्थळ पाहावं तसं बघावं लागतं, आणि मुलीला निदान सासरहून फोन तरी करता येतो.

आज सकाळपासून लॅबसाठी सात जण विचारत होते. एकाने पहिलंच विचारलं, "फुकट ना?" दुसऱ्याला त्याच्या मादीसाठी नर हवा होता. त्याला सांगितलं, ब्रूनोचं ऑपरेशन झालंय. फोन कट. मोठं जनावर नसबंदीशिवाय मी देत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे. तिसऱ्याला बायकोच्या वाढदिवसाला भेट द्यायचा होता. बायकोला फोन द्या म्हटलं, तर म्हणे तिला माहीतच नाही. माझा खरा प्रश्न एकच असतो आणि तो मी शेवटी विचारतो: "त्याची शी कोण उचलणार?" तिथे जो गप्प होतो त्याला मी देत नाही. आणि जो लगेच "गडी आहे" म्हणतो त्यालाही नाही.

चोपड्याकडच्या एका शेतकऱ्याला केळीच्या बागेला राखण म्हणून कुत्रं हवं होतं. माणूस सरळ होता. गावठी चालेल म्हणाला, हे ऐकून मी उठून बसलो. रात्री कुठे ठेवणार? "साखळीने बांधू ना, खोपीबाहेर." सातपुड्याच्या पायथ्याला साखळीने बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्यासाठी वाढलेलं ताट. त्याला तसं सांगितलं. म्हणाला, मग खोपीत घेतो. पुढच्या आठवड्यात ये म्हटलं, कुंपण बघून ठरवू. काळीचं नाव काढलं. "तीन पायांची? ना भो, राखणीला नको."

गावठी कुत्र्याइतकं या हवेला जुळलेलं जनावर दुसरं नाही. आखूड केस, बेतशीर खाणं, कमी दुखणी. आणि लोकांना हस्की हवा. सैबेरियाच्या बर्फातलं, दुहेरी लोकरीचं कुत्रं जळगावच्या मे महिन्यात, तेही पत्र्याच्या गच्चीवर! मागल्या उन्हाळ्यात एक आणला होता लोकांनी, एकशे सात ताप, जीभ निळी. अशा वेळी बर्फ ओतायचा नाही, साधं पाणी पोटाला, पायाच्या गाद्यांना, आणि वारा. बर्फाने कातडीच्या शिरा आखडतात आणि आतली उष्णता आतच राहते. आम्ही ते केलं. तो दवाखान्यात पोचेपर्यंत जगला.

दुपारी ४.००

एक आजी रिक्षाने पिंजरा घेऊन आल्या. राघू. आठ वर्षं सांभाळलेला, "विठ्ठल विठ्ठल" म्हणतो. आजी मुलाकडे सुरतेला कायमच्या चालल्यात. "तुमच्याकडे ठेवा, तुम्हाला जनावराची माया."

मला राघू ठेवता येत नाही. त्यांनाही ठेवता येत नव्हता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपला देशी पोपट पिंजऱ्यात पाळणं गुन्हा आहे, हे घरोघरी पिंजरा टांगणाऱ्या आपल्या लोकांच्या गावीही नसतं. कासवाचंही तसंच. आजींना गुन्हा हा शब्द मी वापरला नाही. म्हटलं, याला वनखात्याकडे देऊ, ते त्याच्या जातभाईंत ठेवतील. आठ वर्षं पिंजऱ्यात राहिलेला राघू एकदम सोडला तर कावळे फाडतात, त्याला आधी उडायला शिकावं लागतं. १९२६ वर फोन लावला. आजी पिंजऱ्याशी अर्धा तास बसल्या. राघू काही बोलला नाही.

संध्याकाळी ५.३०

ऊन उतरल्याशिवाय लॅब्राडोर गाडीत घालू नये. उभ्या गाडीत तर पाच मिनिटंही नाही. पुढे पुतण्या आणि मी, मागे ब्रूनो आणि काळी. काळीला मी प्रत्येक स्थळाला नेतो. घाबरलेलं जनावर तिच्याजवळ शांत बसतं, हे एक कारण. दुसरं मी कुणाला सांगत नाही.

बांभोरीचा पूल. गिरणेत या दिवसांत वाळू आणि डबकी, टेकडीवर विद्यापीठ. पाळधीच्या पुढे तो धाबा आला आणि मी ब्रूनोकडे बघायचं नाही असं ठरवून बघितलंच. तो झोपला होता. तरसोद ते फागणे रस्ता चौपदरी झाल्यापासून आमचे महामार्गावरचे फोन वाढले. पूर्वी कुत्रं एका दमात रस्ता ओलांडायचं. आता ते दुभाजकापर्यंत पोचतं, तिथे गोंधळतं, आणि ना इकडचं ना तिकडचं होतं.

एरंडोल सोडल्यावर फोन. पारोळ्याहून, बाईचा आवाज: "आबा, आठे एक कुतरं पडेल शे काल्दिनपाईन. जगस का मरस, सांगा." कालपासून, आणि फोन आज. पण केला, हे काय कमी. पारोळ्यात वळलो. कुत्रं सावलीत होतं, म्हातारं, दात झिजलेले, अंगावर जखम नाही. बाईने तोंडाशी पाण्याची वाटी ठेवली होती. त्याला काही झालेलं नव्हतं, फक्त आयुष्य संपत आलं होतं. मी हात फिरवला, डोळे पाहिले, आणि बाईला म्हटलं, याला इथून हलवायला नको, वाटी भरत राहा. तिला आधी वाटलं मी टाळतोय. मग तिने घरातून गोधडीचा तुकडा आणला. शेडमध्ये नेऊन अनोळखी भुंकण्यात मरण्यापेक्षा ओळखीच्या ओट्याखाली बरं, असं माझं मत आहे. माझ्यासोबत काम करणाऱ्या पोरांना ते पटत नाही.

रात्री ८.१०

धुळे. पांझरेचा पूल ओलांडून देवपूर. या गावाच्या रस्त्यांवर मी सायकलने फिरलोय, हातात लसीची थर्मास घेऊन.

घर तळमजल्यावरचं. पन्नाशीचे गृहस्थ, बायको, आठवीतली मुलगी आणि खुर्चीत बसलेले आजोबा. मी चहा आधी घेत नाही. आधी फाटक. गजांमधून डोकं जातंय का? कडी आतून उघडते का? गच्चीचा कठडा? घराच्या मागे सावली कुठे असते? मुलीच्या आईला विचारलं, शी कोण उचलणार? ती म्हणाली, "मी नाही. हे उचलतील." गृहस्थ म्हणाले, "सकाळची मी, संध्याकाळची ही पोर." वाटणी आधीच झाली होती. मला बरं वाटलं. जे सगळे एका आवाजात हो म्हणतात, त्यांची मला धास्ती वाटते.

मी सांगत होतो: पंधरा दिवस साखळीशिवाय बाहेर नेऊ नका. नव्या घरातून जनावर पळतं ते दुसऱ्या-तिसऱ्या रात्री, आणि हे लग्नसराईचे दिवस, डीजे वाजला की फाटक बंद. दोन दिवस जेवला नाही तर घाबरू नका. कांदा, द्राक्षं, चॉकलेट नको. आंघोळ आठवडाभर नको, त्याला आधी तुमचा वास लागू द्या. मुलगी वहीत लिहून घेत होती. तेवढ्यात ब्रूनो सरळ चालत गेला आणि आजोबांच्या पायांवर हनुवटी टेकून बसला. आजोबा त्याच्याकडे न बघता म्हणाले, "आते हाई आठेच राही."

हमीपत्रावर सही झाली. त्यात एकच अट ठळक आहे: सांभाळणं जमलं नाही तर कधीही, कितीही वर्षांनी, रात्री-अपरात्री माझ्याकडे परत आणा, कारण विचारणार नाही. कारण विचारलं जाईल या भीतीनेच तर लोक धाब्यावर बांधतात.

मग चहा. आजोबांचा आग्रह, "जेवन करीसन जा." जेवलो नाही. आपण जितका वेळ थांबू तितकं जनावराला कळत नाही आपलं घर कोणतं. गाडी सुरू केली तेव्हा ब्रूनो फाटकापर्यंत आला आणि पुढचा पाय उचलून उभा राहिला. मुलीने साखळी दोन्ही हातांनी धरली होती. पुतण्याने आरसा फिरवून ठेवला.

कोपऱ्यावर वळताना मुलीची आई मागून धावत आली. वाटलं, मन बदललं. तिने काळीसाठी पोळी आणली होती. काळीने ती खाल्ली. तिने विचारलं, "ही कुणाला द्यायची आहे का?" मी म्हटलं, आहे. "बिचारी," असं म्हणून ती परत गेली.

रात्री ११.२०

घरी. बायको अंगणात बाटलीने पाजत बसलेली. भुरीने तिसरं पिल्लूही जवळ घेतलंय, आता बाटलीवर दोनच. मांडी मोडलेला नर जेवला. राघूसाठी वनखात्याचा माणूस संध्याकाळी येऊन गेला. आजींनी त्याच्याबरोबर अर्धा डझन मिरच्या दिल्या.

नोकरीत लागलेली सवय सुटत नाही, झोपण्यापूर्वी रजिस्टर लिहितो. आरंभी शिल्लक १४. आवक ६. मृत्यू १. दिले १. अखेर शिल्लक १८. उद्याचं: पार्वोच्या दोघांना सलाईन, परवाच्या ऑपरेशनसाठी पैसे जमवायचे, पारोळ्याला फोन.

त्या अठरांत काळी धरली आहे. चार वर्षं झाली. कुणाला हवी असेल तर ती फार भुंकत नाही, पहाटे वेळेवर उठवते, आणि तिची शी मी उचलायला येईन, निदान पहिला महिनाभर.